सात वर्षांनी येणारी माणसं

हॅरो, रविवार, २४ जानेवारी २०२१

चि. ऋषी,
अनेक आशीर्वाद.

मराठीत लिहिते आहे, आणि हाताने. तुझं मराठी वाचन शनिवारच्या शाळेत जिथे थांबलं तिथेच आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. अडलास तर फोन कर. त्या निमित्ताने फोन तरी येईल.

मायकल ॲप्टेड गेला, ‘अप’ या माहितीपटमालिकेचा दिग्दर्शक, त्याच मुलांना दर सात वर्षांनी कॅमेऱ्यासमोर आणणारा. या महिन्याच्या ७ तारखेला, ७९ वर्षांचा होऊन. तू म्हणशील, तो तुझा कोण लागतो? कोणीच नाही. पण बातमी ऐकली त्या संध्याकाळी मी कुकर लावायचा विसरले आणि बाबांनी रात्री टोस्ट खाल्ले. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, सांगलीहून काही वाईट कळलं.

घराबाहेर पडायचं नाहीच आहे, तिसऱ्यांदा कुलूप लागलंय. तेव्हा गेले दोन आठवडे मी ‘अप’चे सगळे भाग पुन्हा बघते आहे. १९६४ ते २०१९, एकूण नऊ. बाबा पहिल्या वीस मिनिटांत घोरायला लागतात. एवढ्या वर्षांत त्यांची ही एक सवय बदललेली नाही.

मी ही माणसं पहिल्यांदा पाहिली ती नोव्हेंबर १९८४मध्ये, वेम्बलीच्या त्या खोलीत, जिथे मीटरमध्ये नाणी टाकल्याशिवाय हीटर लागत नसे. तू आठ महिन्यांचा, माझ्या मांडीवर, दात येत होते म्हणून किरकिरा. ‘ट्वेंटी-एट अप’ हे नाव ऐकून बाबांना वाटलं सोड्याची जाहिरात आहे. पडद्यावर एक मुलगा सात वर्षांचा दिसला, मग चौदाचा, मग एकवीसचा, आणि मग एकदम अठ्ठावीस वर्षांचा बाप्या. डोळे चारही वेळा तेच. मी त्या वर्षी अठ्ठावीसचीच होते. म्हणजे १९६४ साली या पोरांना कॅमेऱ्यासमोर बसवून कोणीतरी विचारत होतं, मोठेपणी काय होणार, तेव्हा मी सांगलीत नगरपालिकेच्या शाळेत पाढे म्हणत होते. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उड्या मारणारी मुलं असतात ना, ते व्हायचंय.

तू भाग तुकड्यातुकड्यांत पाहिले आहेस, म्हणून थोडं सांगते. मुळात हा एकच कार्यक्रम व्हायचा होता, ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या ‘वर्ल्ड इन ॲक्शन’मधला. सात वर्षांपर्यंतचं पोर माझ्या हाती द्या, मी तुम्हाला त्यातला माणूस दाखवतो, असं एक वचन जेझुइट पाद्र्यांच्या नावावर सांगतात. त्याचा पडताळा घ्यायचा होता. चौदा मुलं निवडली, काही श्रीमंतांघरची, काही लंडनच्या ईस्ट एंड या कामगारवस्तीतली, दोन मुलं वसतिगृहात वाढणारी. २००० सालचे कारखानदार आणि युनियनचे पुढारी आज सात वर्षांचे आहेत, अशा थाटात सुरुवात होती. पहिला भाग पॉल ॲल्मंडने केला. ॲप्टेड तेव्हा विशीतला, केंब्रिजमधून नुकता बाहेर पडलेला, शाळाशाळांतून मुलं शोधणारा सहायक. पुढचे आठही भाग मात्र त्याचे. मधल्या काळात तो हॉलिवूडला गेला, बॉण्डपटसुद्धा केला, पण दर सात वर्षांनी वारीला निघाल्यासारखा या चौदा जणांच्या दारात परत हजर.

त्यात एका बाकावर तीन श्रीमंत मुलं बसलेली आहेत. एक म्हणतो, मी ‘फायनान्शियल टाइम्स’ वाचतो. कुठल्या शाळेत, मग कुठल्या कॉलेजात जाणार, सगळं तोंडपाठ. आणि वसतिगृहातला पॉल विचारतो, युनिव्हर्सिटी म्हणजे काय? इथल्या लोकांना याचा फार धक्का बसला म्हणतात. मला नाही बसला. हे ज्याला क्लास म्हणतात त्याला आपल्याकडे दुसरं नाव आहे, आणि मी त्याच्या बऱ्या बाजूला जन्मले होते, इतकंच. त्या बाकावरच्या जॉनने पुढे छप्पन्नाव्या वर्षी तक्रार केली, की माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले, आईला नोकरी करावी लागली, मी शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलो, हे तुम्ही कधी दाखवलंच नाही. कॅमेऱ्याला बाकावरचे बूट दिसले, घर दिसलं नाही.

मुलींचं तर विचारूच नकोस. चौदांत फक्त चार. ॲप्टेडने स्वतः नंतर कबूल केलं की ती चूक होती. एकविसाव्या वर्षी ईस्ट एंडच्या तिघींना काय विचारायचं, तर लग्नाआधी पुरेसे पुरुष भेटले का? जॅकीने हे पोटात ठेवलं आणि एकोणपन्नासाव्या वर्षी, कॅमेरा चालू असताना, त्याला धुतला. त्यानेही तो भाग कापला नाही, जसाच्या तसा दाखवला. २००५मध्ये मी ते बघताना सोफ्यावर टाळी वाजवली होती. तू जिन्यात उभा होतास, आठवतं? मला वाटलं तू हसायला थांबलास.

आता त्या वर्षाचंच बोलायचं आहे. म्हणून तर हे पत्र.

तुझा आणि या मालिकेचा मेळ मीच बसवून ठेवला होता. भाग आला की तुझं वय सातच्या पाढ्यात. १९९१ला पस्तीसचा भाग, तू सात. मी बाबांचा टेपरेकॉर्डर आणला आणि तुला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. ती कॅसेट माझ्याकडे आहे. आवडती मुलगी कोण विचारल्यावर तू म्हणालास, असल्या प्रश्नांची उत्तरं मी देत नाही. हे तुझं नव्हतं, त्या मालिकेतल्या शेतकऱ्याच्या मुलाचं, निकचं होतं. आदल्याच आठवड्यात तू माझ्याबरोबर बसून ऐकलं होतंस. मी किती हसले होते!

मला कायम भीती असायची नीलची. सात वर्षांचा नील लिव्हरपूलच्या फुटपाथवरून उड्या मारत जातो. इतका गोड मुलगा त्या चौदांत दुसरा नाही. अंतराळवीर होणार म्हणतो, नाहीतर कोच ड्रायव्हर. एकविसाव्या वर्षी तो युनिव्हर्सिटी सोडून लंडनमध्ये रिकाम्या घरात घुसून राहिलेला. अठ्ठाविसाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये भटकतोय, बेघर, बोलता बोलता अंग पुढेमागे हलवतोय. मांडीवर तुला घेऊन मी ते पाहिलं आहे. पोर गोड आहे एवढ्याने काही होत नाही, हे मी त्या रात्री शिकले आणि ते चुकीचंच शिकले.

२००५ला तू दुसऱ्या वर्षातून युनिव्हर्सिटी सोडून घरी आलास. एकवीस वर्षांचा. दारात बॅग, दाढी वाढलेली, आणि म्हणालास सुतारकाम शिकणार. मला समोर नीलच दिसला. दुसरं काही दिसेना.

टोनी आठवतो ना? ईस्ट एंडचा, जॉकी व्हायचं होतं तो. एकविसाव्या वर्षी तो कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावणाऱ्यांत वावरत होता. ॲप्टेडला खात्री वाटली की हा पोरगा पुढच्या भागापर्यंत तुरुंगात जाणार. म्हणून त्याने टोनीला गाडीत घालून गुन्हेगारी वस्त्यांतून हिंडवलं आणि चित्रण करून ठेवलं, पुढे कामी येईल म्हणून. टोनी टॅक्सी ड्रायव्हर झाला. लंडनच्या हजारो गल्ल्या पाठ केल्या, लग्न केलं, मुलं वाढवली. ते चित्रण वाया गेलं. ॲप्टेडने नंतर हे स्वतःच जाहीर सांगितलं, की मी त्याच्याबद्दल आधीच ठरवून टाकलं होतं आणि मी चुकलो.

माझं चित्रण वाया गेलं नाही, ऋषी. मी ते पोस्टात टाकत होते.

मागच्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा सुमनमावशीने माझी जुनी पत्रं एका मिठाईच्या खोक्यात घालून दिली, तुझी तुला म्हणून. इतके दिवस उघडली नव्हती. परवा उघडली. २००५ ते २००८, वीस-बावीस निळी आंतरराष्ट्रीय पत्रं. प्रत्येकात तू आहेस. ‘रात्री दोनला आला.’ ‘पबमध्ये काम करतो म्हणतो, खरं-खोटं देव जाणे.’ ‘त्याचा तो व्हॅनवाला मित्र मला ठीक वाटत नाही.’ ‘हा पोरगा हातातून गेला असं समज.’ त्याच दिवसांत तू मला स्वयंपाकघरातलं फडताळ करून दिलं होतंस, कोपऱ्यातलं, ज्याच्या खणांना एकही खिळा नाही. त्याचा उल्लेख कुठेही नाही. चार वर्षांच्या पत्रांत एका ओळीने नाही. मी तुला फक्त काळोख्या गल्ल्यांतून हिंडवून आणलं आणि तेवढंच जपून ठेवलं.

मावशीने तुला फोनवर विचारलं होतं, ‘काय रे, सुधारलास का?’ आणि तू फोन माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेलास. त्यानंतर सांगलीला आलाच नाहीस. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट महाग. मावशी आजतागायत म्हणते, परदेशातल्या मुलांना ओढ नसते. मी मान डोलवत आले. तिच्या त्या प्रश्नामागे माझं अक्षर होतं, हे मी तिलाही सांगितलं नाही आणि तुलाही.

नीलचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे; तूच मला एकदा चिडून सांगितलं होतंस. बेचाळिसाव्या वर्षी तो लंडनमध्ये नगरसेवक होता. त्या मालिकेतल्याच ब्रूसने त्याला आपल्या घरात थारा दिला होता. पुढे कंब्रियात गेला, तिथेही निवडून आला. सुखी आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे बघून तसं म्हणवत नाही. पण मी चौऱ्याऐंशी साली ज्याच्या नावाने आवंढा गिळला होता तो माणूस हा नव्हे. तरी भीती मात्र मी जुन्याच भागाची धरून बसले.

तुझ्या स्किप्टनला आलो होतो तेव्हा मी हट्टाने आर्नक्लिफला न्यायला लावलं होतं, निकचं गाव म्हणून. तू व्हॅन घेतलीस, मागे रंधे खडखडत होते. दगडी घरं, मधे हिरवळ, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आलेले. मी म्हटलं, एवढ्याशा दरीतून निघालेलं पोर अमेरिकेत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं प्राध्यापक झालं बघ. तू काही बोलला नाहीस. एका जुन्या घराच्या खिडकीपाशी जाऊन चौकटीला हात लावलास आणि म्हणालास, ही कोणीतरी फार मन लावून केली आहे. तेव्हा माझ्या बोलण्यातली मेख मला कळली नाही. तुला कळली होती.

निकला त्रेसष्टच्या भागात घशाचा कर्करोग झालाय. लिन तर २०१३लाच गेली, चौदांतली पहिली. ती लहान मुलांच्या लायब्ररीत काम करायची, आणि तिच्या कामावर कपातीची कुऱ्हाड पडली तेव्हा मी आमच्या वाचनालयातल्या बायकांना ते चहाच्या वेळी सांगितलं होतं, जणू आमच्यातल्याच कोणाचं गेलं. पुढल्याच वर्षी आमचंही गेलं.

पुढचा भाग २०२६ला यायचा होता, सत्तराव्या वर्षाचा. ॲप्टेडची इच्छा होती करायची. आता दुसऱ्या कोणी केला तर मी बघेन, नाही असं नाही. पण ते नातलगाच्या तेराव्याला जाण्यासारखं होईल. शेवटच्या भागात तोच थकलेला ऐकू येतो. चेहरा दिसत नाही, फक्त प्रश्नाचा आवाज, आणि तोही म्हातारा झालेला. इतकी वर्षं मी उत्तरं देणाऱ्यांची वयं मोजली, विचारणाऱ्याचं मोजायचं राहून गेलं.

पत्रं मी फाडलेली नाहीत. मावशीला काल फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, त्याला खिडक्या करता येतात तर आपल्या माडीच्या दोन कुजल्यात. ते तुझं तू बघ.

मार्चमध्ये तू सदतीसचा होशील. सातच्या पाढ्यात बसत नाही, ते जाऊ दे. येऊ देतील तेव्हा ये. बाबांनी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदललाय, चालतो. खुर्चीत या वेळी मी बसेन, प्रश्न तू आण. लग्नाचे सोडून.

तुझी,
आई

ता. क. फडताळाचं खालचं दार पावसाळी हवेने फुगलंय, अडकतं. बाबा रंधा मारू का म्हणत होते, मी हात लावू दिला नाही.