चढणीच्या महसीरला वाट द्या: पुणेकरांना आवाहन

पुणेकर बंधू-भगिनींनो,

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, घोड नदीच्या खोऱ्यात आमच्या महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. जमिनी धरणात गेल्या, तेव्हापासून मासळीवरच अनेकांची चूल पेटते. त्यातल्या महसीरसाठी आज तुमच्याकडे हात पसरतो आहोत.

हा मासा मूळ तुमच्याच गावचा. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८ मैलांवरच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. शास्त्रात त्याला आजही 'खुद्री' म्हणतात. मुळा-मुठेचं आज काय झालं आहे, ते तुम्ही रोज पुलावरून पाहता.

पहिल्या पुराला महसीर वर ओढ्यांकडे चढतो. वाहत्या नितळ पाण्यात, गोट्यांमध्ये अंडी घालतो. तीही रोहू-कटल्याच्या मानाने थोडकी. नेमकी तेव्हाच गाभोळीने भरलेली मादी सहज हाती लागते. आमचे आजेही चढणीचे मासे धरत, पण पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं टाकून, घरापुरते. आता ओढ्याच्या तोंडाशी आडवं जाळं लागतं, डोहात ब्लीचिंग पावडर पडते आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा उलटी तरंगतात. बाहेरून माणसं येतात हे खरं. पण आमच्यातलेही काही त्यात होते, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर कबूल झालं, आणि तिथूनच ठरावाची गोष्ट निघाली.

ठराव असा: मृगापासून राखी पौर्णिमेपर्यंत ओढ्यांत मासेमारी बंद. चार बोटांहून बारीक आसाचं (भोकांचं) जाळं वर्षभर बंद. विष, करंट, सुरुंग वापरणाऱ्याला दंड. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा गावाला पाणवठ्यांवर आणि मासळीवर हक्क देतात. तो हक्क आम्ही राखण्यासाठी वापरतो आहोत.

अडचण पोटाची आहे. कातकरी घरांना शेत नाही, आणि बंदीचे हेच महिने सगळ्यात ओढीचे. त्यांच्यासाठी तांदूळ, डाळ, तेल हवं. बारीक जाळी जमा करणाऱ्याला मोठ्या आसाचं नवं जाळं द्यायचं आहे. रात्री ओढ्यावर राखणीला बसणाऱ्या पोरांना बॅटऱ्या आणि रेनकोट हवेत. रोख रक्कम फक्त ग्रामसभेच्या समितीच्या खात्यात, चेकने द्यावी. पावती मिळेल आणि खर्चाचं वाचन ग्रामसभेत होईल. तुम्हीही येऊन बसा.

पावसाळ्यात बाजारात गाभोळीचा महसीर दिसला, तर तेवढा घेऊ नका.

मदत मे अखेरपर्यंत पोचली, तर पहिल्या पावसाआधी जाळी वाटून होतील.