एका सेकंदाला बारा फोटो

महोदय,

शाळांच्या स्नेहसंमेलनात हल्ली मुलांच्या छोट्या स्टॉप मोशन फिल्म, म्हणजे बाहुली जराजराशी हलवत एकेक फोटो काढून केलेल्या फिल्म, दाखवतात. टाळ्या पडतात आणि मागून प्रश्न येतो, ‘कुठलं अ‍ॅप वापरलं?’ अ‍ॅप फक्त फोटो ओळीने लावतं. बाहुली हलवतो तो हात, आणि दाद त्याला द्यायला हवी.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, धावतात. एक फोटो दोन चौकटी टिकवला तरी सेकंदाला १२ फोटो लागतात, म्हणजे मिनिटाला ७२०. पण खरी कारागिरी दोन फोटोंमधल्या अंतरात असते. हात उचलताना १, २, ४, ६, ४, २, १ मिलिमीटर असा सरकवला तर त्याला वजन येतं. सगळी अंतरं सारखी ठेवली की तो रुळावरून ओढल्यासारखा दिसतो. बाहुली चालत असेल तर टेकलेल्या पावलाकडे बघा. ते जरासं जरी घसरलं तरी सगळी चाल खोटी वाटते. म्हणून टेबलाला भोक पाडून खालून तळव्यात स्क्रू आवळतात, पुढच्या पावलाला तो काढतात आणि पुन्हा आवळतात.

चित्र लुकलुकतं त्याचं कारण बहुधा उजेड. ऑटोवर ठेवलेला मोबाइल प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग नव्याने ठरवतो. म्हणून एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंग) लॉक करायचे, खिडक्या काळ्या कापडाने झाकायच्या आणि अंगात गडद कपडे घालायचे. पांढऱ्या शर्टावरून परतलेला उजेडही बाहुलीवर पडतो. वाऱ्याने बाहुलीचे कपडे हलतात, म्हणून पंखाही बंद. सोलापूरच्या मे महिन्यात हे सगळं करणाऱ्याला टाळ्या जरा जास्तच वाजवाव्यात!

त्या उन्हाळ्यात तेलकट क्ले मऊ पडते आणि बाहुलीची मान लवते. छातीत लाकडाचा ठोकळा, हातापायांत पिळलेली दुहेरी अ‍ॅल्युमिनियमची तार आणि वर क्लेचा पातळच थर दिला तर ती तग धरते. तार मात्र कोपराशी वारंवार वाकून तुटते, तीही प्रसंग अर्धवट असताना. म्हणून हात बदलता येईल असाच बसवावा. शाडू नेपथ्याला उत्तम. हलत्या अंगाला नको, वाळली की तडकते.

आपल्याकडचा सोलापुरी टॉवेल हिरवा रंगवला तर झकास शेत होतं. अडचण एकच: बोट लागलं की फासे वेगळ्या दिशेला झोपतात आणि पडद्यावर ते शेत खदखदतं. त्यावर खळ चढवून कडक वाळवावा. खळ कशी द्यायची, हे विणकरांच्या या गावाला कोणी शिकवायला नको.

सुरुवात करणाऱ्यांनी आगकाड्या घ्याव्यात. ना तार, ना क्ले. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ त्यांच्यावरच केली होती.

पुरवणीत मुलांच्या फिल्मविषयी छापताना आपण कथा आणि दिग्दर्शकाचं नाव देता. सोबत फोटो किती, बाहुली कशाची आणि ती हलवली कोणी, एवढंही छापावं ही विनंती. बऱ्याचदा हलवणारा दुसराच असतो.

– एक वाचक, सोलापूर