बांगड्या मोजून परत देणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "नाव-बिव कुठं सांगू नका हं, उगीच साहेब विचारत बसतील." म्हणून नुसतं सिस्टर. पारोळ्याहून धुळ्याकडे येताना लागलेलं आरोग्य केंद्र आणि मार्गशीर्षातली एक दुपार, एवढ्यावर तुम्ही स्वतःला ओळखाल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेय. गच्चीवर आईचे ज्वारीचे बिबडे वाळताहेत, लेक झोळीत झोपलीय आणि आज कितीतरी दिवसांनी माझे दोन्ही हात मोकळे आहेत. हे पत्र मी चार महिने मनात लिहितेय. दर वेळी सुरुवात केली की आधी राग येतो आणि मग रडू. आज रागच आधी लिहून टाकते.

मला लहानपणापासून शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आता खान्देशात हे कुणाला सांगायचं? भरतात शेंगदाणे, ठेच्यात शेंगदाणे, खिचडीवर शेंगदाण्याचं कच्चं तेल. उपासाला तर दुसरं काही नसतंच. एकादशीला अख्ख्या घरात मी एकटी पोळी-भाजी खाते, म्हणजे पुण्य नाही ते नाहीच. लग्नानंतर सासरी सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाल्या होत्या, "ही शहराकडची थेरं." मी धुळ्याची. धुळं त्यांच्या लेखी शहर, एवढा एकच आनंद झाला मला तेव्हा.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, उजव्या हातात अकरा आणि डाव्या हातात दहा हिरव्या बांगड्या. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. मी उचलली तीत बर्फी निघाली. "मुलगी, मुलगी!" म्हणून सगळ्या ओरडल्या. बर्फी घरीच केलेली होती. तोंडात घालण्याआधी मी विचारलं, "यात दाणे नाहीत ना?" घरातल्याच एक मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही गं, खाय तू." खवा कमी पडला म्हणून बारीक कूट त्यांनीच मिसळलं होतं. "एवढ्याशानं काय होतंय," हे त्यांचं वाक्य मी नंतर ऐकलं. आपल्याकडे आग्रह म्हणजे माया. मला मात्र प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत या मायेचीच धास्ती वाटते.

पाचेक मिनिटांत तळहात खाजायला लागले. मग ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला. पोटात अशी कळ आली की बायका म्हणाल्या, दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायला घेतल्या. मी "ॲलर्जी, ॲलर्जी" म्हणत होते, पण आवाज फुटत नव्हता. माझ्या नवऱ्याला अंगणातून आत यायला आणि बायकांच्या घोळक्यातून मला उचलायला जो वेळ लागला, तेवढ्यात एकदा ओवाळून झालंही होतं.

जिथं माझं नाव घातलं होतं, त्या खासगी दवाखान्यात आधी गेलो. चकचकीत फरशी, काचेचं दार. नाव तिथं घातलं ते त्या फरशीकडे बघूनच, हे मलाही कबूल आहे. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. सुई टोचायला मनगट मोकळं हवं म्हणून तिथल्या एकीनं कात्रीच्या मुठीनं डाव्या हातातल्या दोन बांगड्या फोडल्या. काच हाताला लागली, सासूबाई मटकन खाली बसल्या. खाजेवरचं एविल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. नवऱ्यानं ॲड्रेनलिनचं विचारलं, कारण माझ्या जुन्या फाइलीत तसं लिहिलेलं आहे. तर उत्तर आलं, "गरोदर बाईला ते देत नाहीत, बाळाला त्रास होतो. तुम्ही धुळ्याला न्या." कशानं न्यायचं, वाटेत काय करायचं, सोबत कोण येणार, यावर एक शब्द नाही. बिल मात्र छापून तयार होतं.

धुळ्याच्या वाटेवर मला आठवतं ते फक्त गाडीचं छत. ते लांब लांब जात होतं. नवऱ्याला तुमच्या केंद्राची पाटी दिसली आणि त्यानं गाडी वळवली. "सरकारी आहे, तिथं काय असणार," असं गाडीत कुणीतरी म्हणालं. खरं सांगायचं तर बोलता आलं असतं तर मीही तेच म्हणाले असते.

आणि तुम्ही विचारलंत, "काय खादं माय?"

बस, एवढंच. केस पेपर नाही, आधार कार्ड नाही. नवरा म्हणाला, "शेंगदाणा." तुम्ही फोन खांद्यात धरून डॉक्टरांशी बोलता बोलता ॲड्रेनलिनची काचेची ॲम्प्यूल फोडली. अर्धा मिलीलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. डॉक्टर क्वार्टरमधून स्लिपर घालून पळत आले तोवर सुई बाहेरही आली होती. मला डाव्या कुशीवर वळवलंत, उजव्या कमरेखाली घडी केलेली चादर सरकवलीत, पाय उंच ठेवलेत, तोंडावर ऑक्सिजन. मी उठून बसू पाहत होते, तर तुम्ही दटावलंत, "अजिबात उठायचं नाही." ते का, हे मला नंतर धुळ्याच्या डॉक्टरांनी समजावलं. अशा वेळी रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो, आणि एकदम उठलं तर माणूस तिथल्या तिथं जाऊ शकतो. उताणं झोपलं तर पोटाचं ओझं मोठ्या शिरेवर येतं, म्हणून डावी कूस. एविलनं खाज थांबते, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. आणि ॲड्रेनलिन हेच पहिलं औषध, बाई गरोदर असली तरी. आईचा रक्तदाब गेला तर बाळाला ऑक्सिजन कुठून मिळणार? हे ऐकलं तेव्हा मला त्या काचेच्या दाराची आठवण झाली. काय झाली ते लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

पण सिस्टर, हे पत्र इंजेक्शनसाठी नाही. ते तुमचं काम होतं असं तुम्ही म्हणाल, आणि मी वाद घालणार नाही. हे पत्र बांगड्यांसाठी आहे.

सलाइन लावायला उजवा हात हवा होता. हात सुजून टम्म झालेला, बांगड्या रुतलेल्या. सासूबाई दारातूनच हात जोडून म्हणाल्या, "बाई, फोडू नका हो, सातवा महिना शे तिले." दुसरं कुणी असतं तर खेकसलं असतं, माणूस वाचवू की बांगड्या? खेकसलं असतं तरी त्याचं चुकलं असतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही बाळाचे ठोके ऐकायची जेलीची बाटली उचललीत आणि माझ्या मनगटावर पिळलीत. गार गार. आणि सासूबाईंना जवळ बोलावून म्हणालात, "माय, रडू नको. तू मोज, मी काढस."

सासूबाई मोजायला लागल्या. एक. दोन. आवाज कापत होता. तिसरी अंगठ्याच्या बुडाशी अडकली तर तुम्ही माझी बोटं एकत्र दाबून ती अलगद पुढे घेतलीत. मला डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, पण आकडे ऐकू येत होते. चार. पाच. मी त्या आकड्यांना धरून राहिले. सातला श्वास जरा आत गेला. नऊला मी स्वतःच मोजत होते, मनातल्या मनात. अकराला तुम्ही म्हणालात, "बठ्ठ्या अकरा शेतस, मोजी ले," आणि बँडेजच्या पट्टीत त्या बांधून सासूबाईंच्या ओटीत ठेवल्यात.

किती वेळ गेला असेल? एखादा मिनिट. मग तीच जेली पोटावर आणि त्या छोट्या यंत्रातून घोडा दौडल्यासारखे ठोके.

पुढचं सगळं रीतसर झालं. १०८ आली, तुम्ही आणखी एक ॲम्प्यूल सोबत दिलीत, धुळ्यात दवाखान्यात ठेवून घेतलं. रात्री परत गांधी उठल्या. हे असं काही तासांनी उलटू शकतं म्हणूनच ठेवून घेतात म्हणे. सकाळी त्या उतरल्या.

सासूबाई तेव्हापासून बदलल्या. आता पंगतीला बसलं की त्या स्वतःच वाढप्याला दरडावून विचारतात, "दाणा शे का यात?" परवा एका साखरपुड्यात आचाऱ्याची पळीसुद्धा वेगळी करायला लावली. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं. ज्यांनी बर्फी केली होती त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. चुकलं म्हणायला त्यांना जड जातंय, आणि मीही ते सोपं करून देत नाही. नवऱ्यानं डॉक्टरांकडून शिकून एका डबीत ॲम्प्यूल, सिरिंज आणि एक्सपायरीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवलीय. वैशाखात इकडे पारा ४५ ला टेकतो, म्हणून ती डबी गाडीत ठेवू देत नाही, स्वतःच्या बॅगेत घेऊन फिरतो. भावाच्या लग्नात फोटोत आम्ही सगळे नटलेले आणि ह्याच्या खांद्याला ती बॅग.

कधी कधी मला वाटतं, तुम्हाला तेव्हा हे सुचलं कसं? कामाचा रगाडा, दारात तीस माणसं, समोर निळी पडत चाललेली बाई. त्यात एका म्हातारीचं मन राखायचं कुणाला सुचतं? आमच्या गल्लीत एक पीठगिरणीवाले काका होते. गिऱ्हाईक गरीब असो की सावकार, डब्याचं झाकण ते स्वतः पुसून द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे त्याचे मिळत नव्हते. तुमच्याकडे बघून मला ते आठवले. अशी माणसं अजून आहेत, आणि बहुतेक वेळा ती रविवारी ड्यूटीवर असतात.

हो, मुलगीच झाली. फाल्गुनात. बर्फीचं भाकीत खरं ठरलं, हे त्या बाईंना कोण सांगणार?

बारशाला त्याच अकरा बांगड्या घातल्या. डाव्या हातातल्या आठ आणि नवीन दोन. रंग थोडा वेगळा आहे, जवळून बघितलं तर कळतं. तुमची बँडेजची पट्टी धुऊन, घडी घालून ठेवलीय. मागच्या आठवड्यात द्यायला आले होते तर शिपाई म्हणाले, तुमची रात्रपाळी आहे. पुढच्या सोमवारी परत येते, लेकीला घेऊन. सोबत आईचे बिबडे आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणीन. चटणी मात्र लसणाची असेल. दाण्याची तुम्हाला हवी असेल तर सासूबाई करून देतील, पण त्या ती अंगणात कुटतात आणि मला तेव्हा शेजारी पाठवतात.

तुमची,
डाव्या कुशीवरची पेशंट