गेममधले गाव बांधायला आधी टेप घ्या

मा. संपादक,
स. न.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केले. त्याची चर्चा मुंबई-पुण्यापुरती राहू नये. विदर्भातल्या दारव्हा, दिग्रस, मूल, मोर्शीकडच्या ज्या मुला-मुलींना गेमसाठी घरे, रस्ते, झाडे, विहिरी, म्हणजे सगळा परिसर उभा करायला शिकायचे आहे, त्यांनी सुरुवात कुठून करावी आणि फीचे पैसे कशावर घालू नयेत, एवढ्यासाठी हे पत्र.

बऱ्याच क्लासमध्ये महिनोन् महिने सॉफ्टवेअरची बटणे शिकवतात. शेवटी एका चकचकीत खोलीचे चित्र रेंडर करून घेतात आणि प्रमाणपत्र देतात. ते चित्र एकाच बाजूने पाहायचे असते. गेममधल्या खोलीत मात्र खेळणारा चालतो, मागे वळतो, कोपऱ्यात अडकतो, आणि सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर संगणकाला प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात. हे शिकवलेच जात नाही, याचे आम्हाला वाईट वाटते, कारण पैसे कापूस विकून भरलेले असतात.

पहिले साधन टेप आणि वही. गावातले एक कवेलूचे (कौलारू) घर निवडा. भिंतीची जाडी, उंबरा, ओसरीचे खांब, कोठ्याचे दार, गव्हाण, सगळे मोजून उतरवा. आपण मापे फुटांत बोलतो; ब्लेंडर (वस्तू घडवायचे सॉफ्टवेअर) आणि गोडो (त्या वस्तूंचा गेम चालवणारे इंजिन) यांत एक एकक म्हणजे एक मीटर. १० बाय १२ ची खोली ३.०४८ बाय ३.६५८ मीटर भरते. हे आकडे जसेच्या तसे घातले तर तुकड्याला तुकडा जुळत नाही. अर्ध्या मीटरच्या जाळीवर बसवून ३ बाय ३.५ करा.

दाराशी मात्र खरे माप सोडावे लागते. जुन्या मातीच्या घराचे दार साडेपाच फुटांचे असते, माणूस वाकून आत जातो. गेममधल्या पात्राभोवती साधारण १.८ मीटर उंचीची न दिसणारी कॅप्सूल असते, ती चौकटीला धडकते आणि पात्र बाहेरच उभे राहते. म्हणून दार २.१ मीटर उंच आणि किमान १.१ मीटर रुंद ठेवा. घराचा बुटकेपणा जाऊ द्यायचा नसेल तर चौकट जाड करा आणि दाराच्या दोन्ही बाजूंची वळचण खाली ओढा. कॅमेरा पात्राच्या दोन-तीन मीटर मागे राहणार असेल तर खोल्याही सव्वा ते दीडपट कराव्या लागतात, नाहीतर कॅमेरा भिंतीत घुसतो. हे सगळे आधी नुसत्या राखाडी ठोकळ्यांनी बांधा, गोडोत नेऊन आत फिरा, आणि मगच पुढे जा. या पायरीवर घाई करणाऱ्याला पुढे सगळे पाडून बांधावे लागते.

मग तुकडे. सलग भिंत, दाराची भिंत, झरोक्याची भिंत, कोपरा, खांब, छपराचा उतार, वळचण, आढे. या आठांतून घराची अख्खी ओळ उभी राहते. प्रत्येक तुकड्याचा मूळबिंदू (ओरिजिन, जो धरून तुकडा जागेवर बसतो) खालच्या कोपऱ्यात, जाळीच्या छेदावर हवा. तो मध्ये राहिला तर भिंती अर्ध्या तुकड्याने सरकतात आणि फटी पडतात. दीड फूट जाडीच्या दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत घुसवल्या तर दोन पृष्ठभाग एकाच जागी येतात आणि चालताना तिथे लुकलुकते. कोपरा वेगळा तुकडा करायचा तो त्यासाठीच.

सगळ्यात जास्त रडवणारी चूक अशी: ब्लेंडरमध्ये घर नीट दिसते, गोडोत एक भिंत गायब. पृष्ठभागाची तोंडे उलटी झालेली असतात, आणि गेम इंजिन सहसा मागची बाजू रेखाटतच नाही. ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन चालू करा. बाहेरून लाल दिसेल ते उलटे. एडिट मोडमध्ये सगळे निवडून शिफ्ट-एन दाबले की बहुधा सरळ होते. त्याआधी ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल लागू केलेले असावे. ते राहिले तर कडांची गोलाई वाकडी येते. ब्लेंडरमधून गोडोत न्यायला जीएलबी (.glb) फाइल करा. पात्राला भिंत आडवी यायला हवी असेल तर वस्तूच्या नावाला शेवटी '-col' लावा: डॅश, मग इंग्रजी सी, ओ, एल ही छोटी अक्षरे जोडली की गोडो टक्कर स्वतः तयार करतो.

आता कवेलू. गेममधली प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांची बनते, आणि त्रिकोण वाढले की संगणकाचे काम वाढते. एका कवेलूला १०० त्रिकोण आणि छपरावर दीड हजार कवेलू धरले तर एकट्या छपराचे दीड लाख त्रिकोण होतात. अशी वीस घरे आपल्याकडच्या साध्या लॅपटॉपवर चालणार नाहीत. डोळा छपराची बाहेरची रेघ पाहतो. उताराला सपाट पाट ठेवून त्यावर कवेलूचे चित्र आणि नॉर्मल मॅप (सपाट भागावर उंचसखलपणाचा भास देणारे चित्र) लावा. खरी गोलाई फक्त वळचणीला आणि आढ्याला द्या. वळचणीची दोन मीटरची एकच पट्टी करा, तीत दहा कवेलू, त्यातला एक फुटका, एक सरकलेला. पुढच्या घराला तीच पट्टी आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटवून लावा. घराघराची वळचण वेगळी वाटते.

मातीच्या भिंतीचा फोटो मोबाइलने काढता येतो, पण भिंत पूर्ण सावलीत असताना, फ्लॅश बंद ठेवून, अगदी समोरून. उन्हातल्या फोटोत पोपड्यांची सावली चित्रातच बसते, मग गेममधला सूर्य डावीकडे आणि भिंतीवरची सावलीही डावीकडेच पडते. एक मीटर भिंतीला ५१२ पिक्सेल हे प्रमाण शिकताना पुरे, म्हणजे १०२४ चे चित्र दोन मीटरवर बसेल. हेच प्रमाण दाराला आणि खांबालाही पाळा, नाहीतर भिंत स्वच्छ आणि दार धूसर दिसते. क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यू दाबले की चित्र चारही बाजूंना जोडून दिसते. तिथे सांधे पुसा. सारवताना उमटलेला हाताचा ठसा कितीही सुंदर असला तरी त्या चित्रातून काढा. तो दर दोन मीटरवर तसाच दिसतो आणि भिंत खोटी पडते. ठसा हवाच असेल तर वेगळा करून एकाच जागी चिकटवा. नॉर्मल आणि रफनेसची (पृष्ठभागाचा खरखरीतपणा सांगणारी) चित्रे ब्लेंडरमध्ये 'नॉन-कलर' ठेवायला विसरू नका. नॉर्मल मॅपचा हिरवा पट्टा (ग्रीन चॅनल) अनरील या दुसऱ्या गेम इंजिनमध्ये ब्लेंडर-गोडोच्या उलट असतो, त्यामुळे भेगा फुगीर दिसू लागल्या तर तो उलटवा.

पऱ्हाटीचे (कपाशीचे) शेत हा याहून अवघड धडा. १.२ मीटर बाय ४५ सेंटिमीटर लागवड धरली तर एकरात साधारण साडेसात हजार झाडे येतात. प्रत्येकाला हजार त्रिकोण दिले तर ७५ लाख. म्हणून पानांचे चित्र चढवलेले आडवे-तिडवे कागद वापरतात, एका झाडाला सोळा-वीस त्रिकोण, आणि गोडोतल्या मल्टिमेशने (एकच वस्तू हजारो वेळा दाखवायची सोय) ते एकदम पेरतात. कागद पानांच्या आकाराबरोबर कापा. रिकामी पारदर्शक जागा संगणकाला फुकट पडत नाही, तीही प्रत्येक वेळी तपासावी लागते, आणि पिकाच्या दाट ओळींत खेळ तिथेच अडखळतो.

हे शिकायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. ब्लेंडर आणि गोडो दोन्ही मोफत, मुक्त स्रोत, पेनड्राइव्हवर मावणारे. शाळेतले जुने संगणक ब्लेंडर ४ उघडत नसतील तर ३.६ उघडून पाहा, त्याला जुने ग्राफिक्स चालते. चाकाचा माऊस हवाच. लाइट जाते, म्हणून दर वेळी त्याच फायलीवर न ठेवता ०१, ०२ असे नाव वाढवत ठेवा.

फी भरण्याआधी पालकांनी क्लासला एकच गोष्ट दाखवायला सांगावी: मागच्या वर्षीच्या मुलाने केलेले घर, ज्यात कळफलकावरून आत चालत जाता येते. आणि ज्या शाळांत, वाचनालयांत संगणक धूळ खात आहेत, त्यांनी ते संध्याकाळी दोन तास उघडावेत. आपल्या दैनिकाने आठवड्याला एक तुकडा मराठीतून समजावून छापला, तर भिंतीपासून आढ्यापर्यंत आठ आठवड्यांत घर होते. मजकूर आम्ही लिहून देऊ.

— गेम परिसर-मॉडेलिंग शिकवणारे काही वाचक,
दारव्हा, जि. यवतमाळ