भूतानची पक्षी सहल निवडताना उंची आणि वेळ विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टीतल्या सहलींच्या जाहिरातींत आता 'भूतान पक्षीनिरीक्षण' असा मथळा दिसू लागला आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दुर्बीण हातात घेऊन पक्ष्यांची गोडी लागलेले नाशिककर त्या वाटेने हिमालयात जाऊ पाहतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण यांतले बरेच कार्यक्रम उघडून पाहिले तर थिंफू, पुनाखा, पारो अशी नेहमीचीच सहा रात्रींची सहल निघते. वर पक्ष्याचे छायाचित्र तेवढे नवे असते. पैसे भरण्याआधी काय विचारायचे, हे वाचकांना माहीत असावे म्हणून हे पत्र.

गावांची यादी बाजूला ठेवा आणि आयोजकाला दोनच गोष्टी विचारा: रोज पहाटेपासून दहापर्यंत आपण किती मीटर उंचीवर असणार, आणि पक्ष्यांसाठी म्हणून रस्त्यावर किती तास उभे राहणार? ज्याच्याकडे याचे उत्तर तयार आहे, त्याने पक्ष्यांसाठी सहल आखली आहे. बाकीच्यांनी देवळे आणि किल्ल्यांच्या सहलीत पक्षी बसवले आहेत.

उंची एवढी महत्त्वाची का? भूतान आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा, सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा देश. दक्षिणेकडचे जंगल समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर सुरू होते आणि उत्तरेला सात हजार मीटरपेक्षा उंच शिखरे आहेत. सातशेहून अधिक जातींचे पक्षी या उतारावर आपापला पट्टा धरून राहतात. मोठा धनेश खालच्या उष्ण जंगलात, तांबूस मानेचा धनेश त्याच्या वरच्या दमट सदाहरित जंगलात, वॉर्ड्स ट्रोगन आणखी वर शेवाळलेल्या झाडांत, सटायर ट्रॅगोपॅन बांबू आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या दाटीत, तर ब्लड फेझंट आणि मोनाल वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडे संपतात त्या उंचीच्या, आसपास. पारो आणि थिंफू दोन्ही शहरे सव्वादोन-अडीच हजार मीटरच्या पट्ट्यात, रुंद आणि शेतीच्या खोऱ्यांत आहेत. तिथे चार रात्री काढल्या तर एकाच पट्ट्यातले, तेही माणसाच्या वस्तीजवळचे पक्षी दिसत राहतात.

खरा खजिना पूर्वेला आहे. पावणेचार हजार मीटरवरच्या थ्रुमसिंग ला खिंडीतून रस्ता सेंगोर, योंगकोला करत लिमिथांगला साडेसहाशे मीटरपर्यंत उतरतो आणि जवळपास सगळा जंगलातून जातो. एका रस्त्यावर तीन हजार मीटरचा उतार आणि दोन्ही बाजूंना अखंड झाडी! या टप्प्याला किमान तीन रात्री द्याव्यात: एक वर, दोन योंगकोलाला. ट्रोंग्साहून झेमगांग आणि टिंगटिबीकडे उतरणारा फाटाही तितकाच मोलाचा आहे. सोनेरी वानर, दोन्ही धनेश आणि कड्याला लागलेल्या मोठ्या पोळ्यांजवळ मेण खाणारा हनीगाइड पक्षी त्या बाजूला भेटतात. हे दोन्ही टप्पे घ्यायचे तर बारा ते चौदा रात्री लागतात. सहाच रात्री मिळत असतील तर सगळा देश पाहण्याचा हट्ट सोडावा आणि पुनाखा, फोबजिखाचे खोरे आणि पारोजवळची चेले ला खिंड एवढेच नीट करावे.

वेळेचे गणित त्याहून सोपे आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'सकाळी नाश्ता करून प्रस्थान' असे वाक्य दिसले की ती पक्षी सहल नाही, असे खुशाल समजावे. हॉटेलचा नाश्ता होऊन गाडी निघेपर्यंत नऊ वाजतात आणि सकाळचे पहिले तीन तास, म्हणजे दिवसातला सर्वांत बोलका वेळ, हातचा गेलेला असतो. पक्ष्यांसाठी निघणारा गट अंधारातच हॉटेल सोडतो आणि नाश्ता रस्त्याच्या कडेला, गाडीतून आणलेल्या डब्यांतून होतो. आपल्याकडच्या सहली जेवणाच्या बडदास्तीवर खपतात, आचारी सोबत नेतात. आचारी जरूर न्यावा, पण त्याने पहाटे चारला पोहे बांधून द्यावेत. सगळ्या गटाने त्याच्या पातेल्याभोवती थांबू नये. घड्याळही लक्षात असू द्या: भूतानची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे.

ट्रॅगोपॅन, मोनाल अशा फेझंट कुळातल्या (रानकोंबड्यांच्या नात्यातल्या) पक्ष्यांसाठी तर पहाट हीच एकमेव संधी असते. ते रस्त्याच्या कडेला दाणे टिपायला येतात आणि पहिल्या दोन-तीन गाड्या गेल्या की झाडीत शिरतात. म्हणून खिंडीच्या रस्त्यावर आपली गाडी पहिली असली पाहिजे. पक्षी दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद करायचे आणि आतूनच पाहायचे. सगळे बिघडते ते दार उघडल्याच्या आवाजाने.

इथल्या सरावाचा एक धोका सांगायला हवा. नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहिले की समोर उघडे पाणी असते, चमचे, थापटे, पट्टकादंब असे पाणपक्षी निवांत बसलेले असतात आणि स्कोप (तिवईवरची एकनळी दुर्बीण) लावून एकेक ओळखता येतो. हिमालयातल्या जंगलात अर्धा तास काहीच हलत नाही. मग अचानक पर्णवटवटे, वल्गुली, युहिना, मिनला, फुलव्हेटा यांचा मिश्र थवा झाडावरून झाडावर सरकत येतो आणि दहा मिनिटांत पंधरा जाती दाखवून निघून जातो. कीटक खाणारे हे पक्षी एकत्र हिंडतात, कारण एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला जास्त डोळे असतात. म्हणून थवा नसताना चालत सुटू नये. आवाज ऐकत थांबावे.

याच कारणाने गटाचा आकार निर्णायक ठरतो. डोंगरी रस्ता अरुंद, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. सोळा माणसे रांगेत उभी राहिली तर मागच्या दहांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. सहा ते आठ ही योग्य संख्या; दहाच्या वर एक माणूसही नको. गाइडने मोठ्या झाडाला घड्याळाची तबकडी मानून 'दोन वाजता, खोडालगत' असे सांगावे आणि सगळ्यांनी ही पद्धत पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. 'तो बघा, तिथे' यात थवा निघून जातो. लेझर वापरलाच तर पक्ष्याच्या बराच खाली धरावा, अंगावर कधीच नाही.

गाइडबद्दल नेमके विचारा. तिथल्या परवानाधारक गाइडपैकी पुष्कळजण झोंग (तिथले किल्ले), मठ आणि इतिहास उत्तम सांगतात; पक्ष्यांचे आवाज ओळखणारे वेगळे असतात. जंगलात बहुतेक पक्षी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात, त्यामुळे कान तयार असलेला गाइड नसेल तर उत्तम दुर्बिणीचाही उपयोग होत नाही. त्या गाइडने मागच्या हंगामात याच रस्त्यावर केलेल्या नोंदींची यादी मागा. ती तारीख आणि जागेसह असायला हवी.

हंगामाचे आश्वासन तपासून घ्या. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गाणारे पक्षी, ट्रॅगोपॅनची पहाटेची साद, फुललेले ऱ्होडोडेंड्रॉन. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरच्या अखेरीस फोबजिखाच्या दलदलीत उतरतात आणि मार्चपर्यंत परततात. त्यांचा उत्सव गांगते मठात ११ नोव्हेंबरला असतो. तेव्हा मेच्या सुट्टीत क्रौंच दाखवू म्हणणारा माणूस चुकीची माहिती देतो आहे, आणि नोव्हेंबरात ट्रॅगोपॅनची साद ऐकवू म्हणणाराही. आयबिसबिल हा पक्षी पारोच्या गोट्यागोट्यांच्या नदीपात्रात हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला पाहावा. जून ते सप्टेंबर दरडी, धुके आणि जळवा यांचा काळ. फोबजिखा आपल्या नांदूरमध्यमेश्वरसारखेच रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे. क्रौंच तारांना धडकू नयेत म्हणून तिथल्या विजेच्या वाहिन्या जमिनीखालून नेल्या आहेत. आपल्या पाणथळींभोवतीच्या तारांकडे पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

सर्वांत जपून पाहायचा पक्षी म्हणजे पांढऱ्या पोटाचा बगळा. अतिसंकटग्रस्त वर्गातल्या या बगळ्याचे साठाहून कमी पक्षी जगभरात मिळून ज्ञात आहेत आणि त्यांतले बरेचसे भूतानच्या फो छू, पुनात्सांग छू, मांगदे छू या नद्यांवर. वाहत्या, स्वच्छ पाण्यातले मासे हे त्याचे अन्न. धरणांमुळे बदललेला प्रवाह, पात्रातून वाळू-गोटे उपसणे आणि काठाने वाढलेली वर्दळ त्याच्या मुळावर आली आहे. पुनात्सांग छूवरचे जलविद्युत प्रकल्प भारताच्या अर्थसाहाय्याचे आहेत, हे आपणही जाणून असावे. हा बगळा नदीपलीकडून, स्कोपमधून, शांत उभे राहून पाहायचा. छायाचित्रासाठी पात्रात उतरू नये. तो एकदा उडाला की मासे पकडायची जागा सोडतो, आणि वसंतात चीर पाइनच्या झाडावरच्या घरट्यात त्याची पिल्ले वाट पाहत असतात.

ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बाहेर काढण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. नर पक्ष्याला वाटते की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो खाणे, गाणे, मादी सोडून रस्त्याकडे धावतो आणि तिथे कोणीच नसते. रस्ते मोजके, प्रसिद्ध जागा ठरलेल्या, त्यामुळे प्रत्येक गट त्याच नराला हैराण करतो आणि हे नेमके वीण हंगामात घडते. आयोजकाकडून 'प्लेबॅक नाही' हे लेखी घ्यावे. गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्येही आता हे आवाज असतात. तिथेही हाच नियम. घुबडांवर फ्लॅश नको, हे वेगळे सांगायला नको.

प्रकृतीचा मुद्दा उंचीशीच जोडलेला आहे. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, आणि चेले ला ३,९८८ मीटर. विमानाने पारोला उतरून दुसऱ्याच पहाटे तिथे नेणारे कार्यक्रम आम्ही पाहिले आहेत. डोके ठणकते, मळमळते, आणि मोनाल समोर असून माणूस गाडीत डोळे मिटून बसतो. चेले ला सहलीच्या शेवटी ठेवावी. गुवाहाटीहून सामद्रुप जोंगखारमार्गे रस्त्याने शिरून पश्चिमेकडे सरकत पारोहून विमानाने परतले तर चढ हळूहळू होतो आणि पूर्वेकडचे जंगल ताज्या दमाने पाहता येते. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. म्हणून एक जाड जॅकेट नेण्याऐवजी तीन पातळ थर, वारा अडवणारे वरचे कवच, टोपी आणि बोटे मोकळी राहतील असे हातमोजे न्यावेत.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या. दहापट मोठे दाखवणारी घेण्याचा मोह होतो, पण अंधाऱ्या जंगलात आठपटीची जास्त उजेड आणि जास्त रुंद दृश्य देते, त्यामुळे पानांआडचा चंचल पक्षी लवकर सापडतो. थंडीतून उबदार गाडीत शिरताच गार काचांवर वाफ धरते. दुर्बीण हीटरपासून दूर ठेवावी. स्कोप गटात एक पुरे. सराव मात्र जायच्या आधी, त्र्यंबक-हरसूलच्या झाडीत करावा: नजर पक्ष्यावर ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांशी आणायची. खाली दुर्बिणीकडे पाहिले की पक्षी हरवतो.

कागदपत्रांत आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, लहान मुलांसाठी जन्मदाखला. भारतीय प्रौढांना भूतान सरकारचे शाश्वत विकास शुल्क दर रात्री १,२०० रुपये आहे, म्हणजे बारा रात्रींचे माणशी १४,४००. ही रक्कम जाहिरातीतल्या किमतीत धरली आहे की वेगळी, हे विचारा. रोजचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आत असावा, कारण त्या वळणांवर गाडी तासाला पंचवीस-तीसपेक्षा फारशी पुढे जात नाही.

शेवटची सूचना तिकिटांबाबत. आधी पक्ष्यांच्या गाइडची तारीख पक्की करावी, मग विमान. पारोला विमाने फक्त दिवसा आणि डोंगर स्पष्ट दिसत असतानाच उतरतात आणि उडतात. ढग आले तर थांबावे लागते. म्हणून पारोहून निघाल्यावर मुंबईचे पुढचे विमान त्याच दिवशी घेऊ नये, मध्ये एक रात्र ठेवावी.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, नाशिक