आप्पांचं सुडोकू बरोबर होतं

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या गुरुवारच्या सुडोकूवरून आमच्या घरी जे झालं ते तुम्हाला कळायलाच हवं म्हणून लिहितेय. माझे सासरे आप्पा रोज सकाळी चहासोबत सुडोकू सोडवतात, तेही डायरेक्ट पेनाने, खाडाखोड नाही. मी आपली दुपारी, जेवणं उरकली की वहीत चौकट उतरवून पेन्सिलीने. त्या दिवशी दोघांचंही पूर्ण झालं पण चार घरांत फरक, त्यांचा ३ तिथे माझा ८ आणि त्यांचा ८ तिथे माझा ३. शुक्रवारी तुमचं उत्तर आलं ते माझ्याशी जुळलं. आप्पा "वय झालं आता" एवढंच म्हणाले, आणि तेव्हापासून ते पान उघडतच नाहीत.

मला काही चैन पडेना. परत तपासलं तर त्यांची चूक सापडेचना! ती चार घरं म्हणजे चौथ्या आणि सहाव्या आडव्या ओळीतलं दुसरं आणि सातवं घर. तिथे ३ आणि ८ ची अदलाबदल केली तरी आडव्या ओळी, उभ्या ओळी, नऊ घरांच्या चौकटी, सगळीकडे प्रत्येक आकडा एकदाच येतो. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर, आणि सुडोकूला तर उत्तर एकच असावं लागतं ना. आता १६ आकड्यांवर एकच उत्तर असलेलं सुडोकू बनत नाही, निदान १७ लागतात, हे २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॅरी मॅकग्वायर यांनी कॉम्प्युटर राबवून दाखवलंय, तुम्ही तर २५ दिले होते, पण नुसत्या संख्येने काय होतंय, ही चार घरं सोडून बाकी सगळे ७७ आकडे छापले असते तरी दोन उत्तरं राहिलीच असती!

मग पेपर उलटा धरला. सुडोकू हे नाव देणारी जपानची निकोली कंपनी (कोडं मूळचं अमेरिकेतलं, १९७९ चं, ते असो) तिने १९८६ पासून पद्धत पाडली की छापलेल्या घरांची नक्षी उलटी केली तरी तशीच दिसावी. तुमचीही रोज तशीच असते, मी रद्दीतून आठवडाभराचे पेपर काढून बघितले. गुरुवारी मात्र चौथ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात आकडा आहे आणि त्याची जोडी, सहाव्या ओळीतलं सातवं घर, रिकामं. तिथला ८ छापताना गळलाय, दुसरं काही नाही.

हे सगळं आप्पांना वही घेऊन समजावलं तर म्हणतात, "पेपरात तर तुझंच छापलंय ना?" आता यावर काय बोलणार. तेव्हा दोन ओळींची दुरुस्ती छापा, पण सुडोकूच्या पानावर नको, निधनवार्तांच्या शेजारी छापा, ते पान आप्पा रोज वाचतात.

तुमची एक वाचक, मिरज