सांगलीहून सुहासला

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

बालनाट्यात लेझर वापरतोय एवढंच फोनवर बोलणं झालं. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, तिथे आमची पात्रं आहेत गोल, त्रिकोण आणि चौकोन. मागच्या पडद्यावर ती रंगीत रेघांनी उमटतात, भांडतात, एकमेकांत शिरतात. हे मला मनापासून आवडलंय.

तू सीएनसीवाला, कॉम्प्युटरच्या आकड्यांवर यंत्रं चालवणारा, तुला लगेच कळेल. किरण एकच असतो. गॅल्व्हो नावाच्या झटपट वळणाऱ्या मोटरींवरचे दोन चिमुकले आरसे त्याला आडवा-उभा फिरवतात, आणि प्रोग्रॅम त्यांना एकेक बिंदू सांगत जातो. आमचे आरसे सेकंदाला ३०,००० बिंदू पेलतात. चित्र लुकलुकू नये म्हणून ते सेकंदाला निदान २५ वेळा काढायचं, म्हणजे एका फेरीच्या वाट्याला १,२०० बिंदू. सगळा संसार तेवढ्यात.

गोल बिचारा सोपा, खरी परीक्षा चौकोनाची. आरशाला वजन आहे, तो काटकोनात झटकन वळत नाही आणि कोपरा गोलसर होतो. म्हणून कोपऱ्यावर तोच बिंदू पुन्हापुन्हा द्यायचा, आरसा पोचेपर्यंत. जास्त दिला की तिथे ठिपका भडकतो. एका आकारावरून दुसऱ्यावर जाताना लेझर बंद ठेवून आरसे हलवायचे, तुमच्या मशीनचा न कापता नुसतं सरकण्याचा रॅपिडच तो, पण त्यातही बिंदू खर्च होतात. शिवाय लेझरचा डायोड क्षणात पेटतो-विझतो, आरसा मागून येतो. त्यामुळे रंग काही बिंदू उशिरा सोडावा लागतो, नाहीतर त्रिकोणाची लाल बाजू संपायच्या आतच निळी सुरू होते.

तीन आकार एकाच यंत्रावर टाकले तर ते लुकलुकायला लागतात, म्हणून प्रोजेक्टर तीन. प्रत्येकाला त्याचा डॅक, म्हणजे आकड्यांचे विजेचे इशारे करणारी पेटी, आणि तिघांना आकडे देणारा लॅपटॉप एकच. बाजूचे दोघे पडद्याकडे तिरके बघतात, त्यांचा गोल अंड्यासारखा पडतो. पडद्यावरच्या चार खुणांशी त्यांचे चार कोपरे जुळवले की बाकीचं गणित प्रोग्रॅम करतो. रंगांनी जास्त वेळ घेतला. एकाचा हिरवा ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा, दुसऱ्याचा ५३२ चा, त्यामुळे लाल मिसळून केलेला पिवळा दोघांचा वेगळा. प्रत्येकाचं प्रमाण डोळ्यांनी बघूनच बसवलं.

आता कामाचं. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर सगळ्यात धोक्याच्या, चौथ्या वर्गात मोडतो, आमचे तिन्ही त्यातलेच. आरसा अडकला तर सगळा जोर एका ठिपक्यावर येतो आणि समोर डोळा असेल तर तो कायमचा जाऊ शकतो. मिरवणुकांमध्ये लेझर गर्दीवर फिरवतात ते बघून माझा संताप होतो. आमच्या रंगमंचावर तर लहान मुलं आहेत. किरण त्यांच्या डोक्यावरूनच जातो, खालचा भाग प्रोग्रॅममध्ये बंद आहे, लाल बटणही हाताशी आहे. तरी पोरांच्या डोळ्यांसाठी प्रोग्रॅमच्या भरवशावर मी राहणार नाही. प्रत्येक प्रोजेक्टरपुढे लोखंडी पत्र्याचा आडोसाच हवा, मॅट काळा रंग दिलेला, खालीवर सरकवता येईल असा स्लॉट पाडून. प्रोजेक्टर पाइपला धरून ठेवणारे क्लॅम्पही जाड पट्टीचे कर. थरथर झाली की जुळवलेले कोपरे हलतात. मापं सोबत जोडलीत. पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून स्वतःच घेऊन ये, तालीमही बघशील. वहिनींना आणि मुलांनाही आण.

तुझा,
अरुण